निवतीच्या खडकांवर माणसं मोजणार कोण?

डिसेंबर २०२३च्या अखेरीस सिंधुदुर्गात एक भांडण पेटलं. गुजरात सरकार द्वारकेजवळच्या समुद्रात पर्यटकांसाठी पाणबुडी आणणार अशी बातमी आली, आणि इकडे सगळ्यांना एकदम आठवलं की २०१८मध्ये निवती रॉक या खडकाळ बेटांच्या परिसरासाठी नेमकी हीच पाणबुडी आपल्याला कबूल झाली होती. मग 'आमची पाणबुडी पळवली' विरुद्ध 'गेली तर गेली, समुद्र तरी वाचला' असा सामना रंगला. वर्षभराने पाणबुडीच्या जागी जहाज आलं. १९८५मध्ये नौदलात दाखल झालेली आणि जानेवारी २०२४मध्ये निवृत्त झालेली 'आयएनएस गुलदार' फेब्रुवारी २०२५मध्ये पर्यटन महामंडळाच्या ताब्यात मिळाली. निवती रॉकजवळ ती बुडवायची, तिच्यावर प्रवाळ आणि मासे येऊ द्यायचे आणि माणसांना पाण्याखाली नेऊन ती दाखवायची, अशी ही योजना. त्यासाठी सुमारे ४७ कोटी रुपयांची मंजुरी. भांडणाला नवं जहाज मिळालं. मुद्दे मात्र जुनेच राहिले, तेही अर्धवट.

एका बाजूचं म्हणणं असं की जिल्ह्याला रोजगार हवा, आणि जो शंका काढेल तो विकासविरोधी. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, ही बेटं पक्ष्यांची आहेत, माणसाने तिथे पाऊल टाकू नये. जो टाकेल तो प्लास्टिकची बाटली घेऊनच टाकेल. पाणबुडीपासून जहाजापर्यंत या वादातले जेवढे लेख आणि भाषणं माझ्या वाट्याला आली, त्यांत मी एकच आकडा शोधत होतो आणि तो कुठेच सापडला नाही. दिवसाला किती माणसं? कोटी रुपये ऐकले, जहाजाची लांबी ऐकली, टन ऐकले. माणसं मोजलेली कुणी ऐकवली नाहीत.

माझं म्हणणं सरळ आहे. निवतीच्या खडकांवर लोकांनी जावं. पण मोजून जावं, ठरलेल्या महिन्यांत ठरलेल्या अंतरावरच थांबावं, आणि हे मोजण्या-थांबवण्याचं काम निवती, भोगवे, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर मासेमारी करून जगणाऱ्यांच्या हाती असावं. मंत्रालयाने कायदा करावा, शास्त्रज्ञांनी आकडा सुचवावा. पण समुद्रात बोट अडवायचा अधिकार आणि त्यातून येणारा पैसा गावाकडे राहिला पाहिजे. ही मधली वाट म्हणून मी सांगत नाही. आजवरच्या दोन्ही वाटा इथे चालून पाहिल्या गेल्या आहेत आणि दोन्ही फसल्या आहेत.

ज्यांनी ही बेटं पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडं. आपण निवती रॉक म्हणतो, पुस्तकं वेंगुर्ला रॉक्स म्हणतात. पोर्तुगीज यांना जळकी बेटं म्हणत, आणि इंग्रजी नकाशांतही त्यांचं नाव तेच राहिलं, बर्न्ट आयलंड्स. लांबून पाहिलं तर नाव पटतं. काळेकभिन्न खडक, वरून पक्ष्यांच्या विष्ठेने पांढरे पडलेले, जणू विझलेल्या चुलीवर राख बसली आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तिकेत या किनाऱ्यालगतच्या काही बेटांची नोंद आहे, चाच्यांच्या इशाऱ्यासह, आणि त्यातला एक समूह म्हणजे हेच खडक असावेत असं काही अभ्यासक मानतात. मोठे म्हणावेत असे खडक दोन-तीनच, बाकी सगळी पिलावळ. एकावर दीपगृह. आणि भरतीची लाट थेट आत शिरते अशा गुहा.

त्या गुहांमध्ये पाकोळ्या राहतात. ही भारतीय पाकोळी आपल्या लाळेचं घरटं करते. बशीच्या अर्ध्या तुकड्याएवढी वाटी, ओल्या कातळाला चिकटवलेली. होडीचं इंजीन बंद करून तोंडाशी थांबलं तर आतून बारीक टकटक ऐकू येते, कुणी तरी अंधारात नखाने काडेपेटी वाजवतंय अशी. वटवाघळासारखाच हा पक्षी स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवर अंधारात वाट काढतो. देशाच्या पश्चिम किनाऱ्यालगत त्याच्या विणीच्या ज्या मोजक्या जागा आहेत, त्यांतली ही एक मोठी. १८७५मध्ये अ‍ॅलन ह्यूम इथे आला होता. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपण ज्याला ओळखतो तोच, पण तेव्हा तो पक्ष्यांच्या मागे हिंडत होता. १९४०च्या सुमारास हुमायून अब्दुलअली येऊन गेले आणि त्यांनी इथल्या सुरय आणि पाकोळ्या या पक्ष्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं. म्हणजे ही जागा काही काल सापडलेली नाही.

आता 'माणसाने जाऊच नये' या पक्षाकडे आधी वळतो, कारण मनाने मी त्यांच्या जास्त जवळ आहे. त्यांचा सगळ्यात जोरदार मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पाकोळ्यांची वीण साधारण फेब्रुवारी-मार्चपासून पावसाच्या तोंडापर्यंत चालते. आपल्या शाळांची सुट्टी कधी? एप्रिल-मे. ज्या आठवड्यांत घरट्यात पिल्लं असतात त्याच आठवड्यांत पुण्या-मुंबईच्या, कोल्हापूर-बेळगावच्या गाड्यांनी किनारा भरतो. पावसाळ्यात दर्या स्वतःच बेटाचं दार लावून घेतो, पण ते चुकीच्या महिन्यांत. आणि मालवणात काय झालं ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. पहिल्यांदाच पाण्यात उतरणाऱ्याच्या पाठीला टाकी बांधून त्याला खाली नेतात, फोटोत मासे यावेत म्हणून पावाचे तुकडे टाकतात, नांगर मिळेल त्या खडकावर पडतो, आणि घाबरलेला माणूस हाताला लागेल त्या प्रवाळाला धरतो. दोष त्याचा नाही, तो बुडायला घाबरलाय. पण प्रवाळ मरतं ते मरतंच. २०२२च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. म्हणजे अमर्याद पर्यटनात फक्त मासाच मरत नाही.

तरीही 'जाऊच नये' हे उत्तर मला का पटत नाही? कारण निर्जन बेट सुरक्षित असतं हा समज या बेटांनीच खोटा पाडला आहे. पाकोळीच्या घरट्याचं सूप चिनी बाजारात सोन्याच्या भावाने विकलं जातं. गेलं शतक संपत आलं तेव्हा या गुहांमधली घरटी खरवडून तस्करीच्या मार्गाने बाहेर जात होती. तेव्हा इथे पर्यटक नव्हते. कुणीच नव्हतं, म्हणून तर ते जमलं. हा प्रकार उजेडात आणून थांबवला तो चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'च्या भाऊ काटदऱ्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी, आणि त्यांना तिथे जावं लागलं, राहावं लागलं, गुहेत शिरावं लागलं. पाहणारा डोळा नसेल तर कायद्याचा कागद खडकावर ओला होऊन पडतो. रोज समुद्रात जाणाऱ्या माणसाहून स्वस्त आणि सतत असा दुसरा डोळा कुठला आहे? गस्तीची बोट येते तेव्हा येते. तिचं डिझेल संपलेलं नसलं तर.

शिवाय माणूस वगळून निसर्ग राखायचा प्रयोग आपण करून बसलो आहोत. १३ एप्रिल १९८७ला मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला सव्वातीन चौरस किलोमीटरांच्या आतला गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचा. कागदावर छान. पण ज्यांच्या रोजच्या पाण्यावर ही रेघ ओढली त्या गाबित मच्छीमारांना विश्वासात घेतलं नाही ही तक्रार पहिल्या दिवसापासून आहे, आणि चार दशकं होत आली तरी अभयारण्य म्हटलं की मालवणात कपाळावर आठी पडते. परिणाम काय झाला? अभयारण्य आहे, आणि त्याच्या गाभ्यातच जिल्ह्यातली सगळ्यात जास्त गर्दीही आहे. मच्छीमाराला ते आपलं वाटलं नाही म्हणून तो राखायला उभा राहिला नाही, आणि खात्याला ते राखणं झेपलं नाही.

राजस्थानातल्या भरतपूरचं उदाहरण तर अभ्यासक्रमात लावावं असं आहे. १९८२मध्ये तिथल्या केवलादेवच्या पाणथळीत म्हशी चारायला बंदी घातली. गावकरी चवताळले, गोळीबार झाला, माणसं मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून निघालं असं की म्हशी हटल्यावर गवत आणि पाणवनस्पती इतक्या माजल्या की पक्ष्यांना लागणारं उघडं पाणीच आक्रसलं. आपल्या कास पठारावर तोच धडा सौम्यपणे गिरवला गेला. फुलं वाचवायला कुंपण घातलं, गुरं थांबली, गवत चढलं, फुलं कमी झाल्याची ओरड झाली आणि शेवटी कुंपण काढावं लागलं. समुद्रात म्हशी नसतात हे मला माहीत आहे. पण 'माणूस काढा, निसर्ग आपोआप सावरेल' या गृहीतकाला तपासल्याशिवाय मान डोलवू नये, एवढं तरी यातून कळतं.

आता दुसऱ्या पक्षाकडे. त्यांचा मुद्दा भावनेचा आहे असं हिणवणाऱ्यांनी जनगणना उघडून पाहावी. २००१मध्ये सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११मध्ये ८,४९,६५१. राज्य वाढत असताना हा जिल्हा आकसला. गावात कुलूपबंद घरं, गणपतीला आणि शिमग्याला उजळणारी. मुलगा मुंबईला सिक्युरिटीत लागतो आणि आई-बाप वाटेकडे डोळे लावून बसतात. अशा जिल्ह्यातल्या पोराला 'समुद्र जप, नोकरीचं नंतर बघू' म्हणणं, तेही ठाण्यातल्या वातानुकूलित खोलीतून, हा उद्धटपणा आहे. जुन्या जहाजाचा मुद्दाही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नीट साफ करून, तेल-तारा-रंग काढून, योग्य तळ पाहून बुडवलेलं जहाज माशांना घर होतं, हे जगात अनेक ठिकाणी झालंय. डुबकी मारणाऱ्यांची गर्दी नैसर्गिक प्रवाळावरून लोखंडावर वळवता आली तर त्यात भलंच आहे.

पण 'वळवता आली तर' हे तीन शब्द सगळं गिळून टाकतात. गर्दी वळते कधी? एक दार उघडताना दुसरं लावलं तरच. मालवणच्या प्रवाळावरच्या डुबक्यांना मर्यादा घालून त्या निवतीच्या जहाजाकडे पाठवल्या तर ते वळवणं. मालवण तसंच चालू ठेवून निवतीला नवी जत्रा भरवली, तर एकाची दोन दुखणी होतील. आणि जहाजासाठी जागा कुठली निवडली? आजवर अंतर आणि लाटा यांनी ज्या खडकांना थोडंफार राखलं, त्यांचीच. जहाज बघायला आलेल्या बोटी परतताना 'चला, गुहाही दाखवतो' म्हणणार नाहीत, याची हमी कुठल्या कागदावर आहे? पाकोळ्यांच्या विणीचं वेळापत्रक आणि जहाजाच्या पर्यटनाचं वेळापत्रक एकत्र ठेवून कुणी पाहिलं असेल, तर ते किनाऱ्यावर तरी कुणी सांगितलेलं नाही. मला जहाजाची भीती वाटत नाही. घाईची वाटते. मालवणच्या राजकोटावर डिसेंबर २०२३मध्ये उभा केलेला पुतळा ऑगस्ट २०२४मध्ये कोसळला, तेव्हा समारंभाच्या तारखेवर बेतलेलं काम समुद्राच्या वाऱ्यात किती टिकतं ते अख्ख्या महाराष्ट्राने बघितलं. समुद्राच्या तळाशी तर बघायलाही कुणी नसतं.

मर्यादा म्हटलं की लोक थायलंडचं नाव घेतात, तेव्हा तेही घेऊन टाकतो. एका हॉलिवूडपटाने गाजवलेल्या माया बेमध्ये दिवसाला हजारोंनी माणसं उतरत होती. २०१८च्या जूनमध्ये चार महिन्यांसाठी म्हणून ती खाडी बंद केली आणि ती उघडली थेट जानेवारी २०२२मध्ये. आता बोटींना आत यायला मनाई आहे, त्या बेटाच्या पाठीमागे लागतात. उघडली तेव्हा एका वेळी ३७५ माणसांचा दंडक ठेवला होता. बंदीच्या काळात उथळ पाण्यात शार्कची पिल्लं परत दिसू लागली. उदाहरण चांगलं आहे, पण मला त्यातली एक गोष्ट टोचते. तिथे सगळं उद्ध्वस्त झाल्यावर दार लावलं. निवतीला अजून तेवढं काही झालेलं नाही. आगीनंतर विहीर खणायची आपली परंपरा आहे खरी, पण ती प्रत्येक वेळी पाळायलाच हवी असं नाही.

आणि परंपराच हवी तर आपल्याकडे दुसरी, अधिक कामाची आहे. मालवण तालुक्यातलं आचरा गाव. काही वर्षांनी एकदा, रामेश्वराचा कौल झाला की, तीन दिवस तीन रात्री सगळं गाव वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री. शेतात, नदीकाठी झावळ्यांच्या खोपी पडतात, चुली पेटतात, भजनं होतात, आणि मागे गाव रिकामं. त्याला गावपळण म्हणतात. चिंदरमध्येही ती आहे. श्रद्धेचं जाऊ द्या, त्यामागची शिस्त बघा. पोलीस नाही, दंडाची पावती नाही, आणि तरी गावात चिटपाखरू राहत नाही, कारण ठरवणारे आणि पाळणारे एकच आहेत. नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात न लोटण्याचा रिवाज सरकारच्या १ जून ते ३१ जुलैच्या बंदीच्या कितीतरी आधीचा. जो समाज स्वतःचं राहतं गाव तीन दिवस सोडून देऊ शकतो, त्याला दोन गुहांची तोंडं तीन महिने मोकळी ठेवणं जड जाईल असं मानणं हा त्याचा अपमान आहे. त्याला कौल लावायला मात्र बोलवायला हवं. आज बोलावतात ते उद्घाटनाला, मागच्या रांगेत.

इथे एक रास्त शंका येते, आणि ती मच्छीमारांशी मैत्री असलेल्या माझ्यासारख्याने टाळू नये. मच्छीमार काय देव आहेत? त्यांच्यातच मिनी पर्ससीनवाले, म्हणजे घेराच्या जाळ्याने मासळीचा अख्खा थवा उचलणारे आहेत, रात्री एलईडी दिवे लावून मासे ओढणारे आहेत, फाटकं नायलॉनचं जाळं समुद्रातच सोडून येणारे आहेत. मोसमात दहाच्या बोटीत पंधरा बसवणाराही गावातलाच असतो. अधिकार गावाला दिला म्हणजे तो गावातल्या दोन-चार दांडग्यांना मिळेल, हे भय खरं आहे. ग्रामपंचायतीचा वाळूचा ठेका कुणाला मिळतो हे ज्याने पाहिलंय त्याला ते समजावून सांगावं लागणार नाही.

पण याच किनाऱ्यावर त्यावरचं औषधही आहे, रापण. एक लांबलचक जाळं होडीने अर्धवर्तुळात टाकायचं आणि दोन्ही टोकांनी पन्नासाहून अधिक माणसांनी ते किनाऱ्यावर ओढायचं. मासळी वाळूवर, सगळ्यांच्या समोर, आणि वाटेही तिथेच. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. म्हातारपणामुळे ओढू न शकणाऱ्याच्याही टोपलीत चार बांगडे पडतात. हिशेब उघड्यावर होतो म्हणून लबाडी लपत नाही. बेटावर जाणाऱ्या बोटींचं उत्पन्न या रापणीच्या पद्धतीने वाटलं, म्हणजे फेऱ्या पाळीपाळीने, पैसा एका पेटीत, वाटे दर आठवड्याला जेटीवर सगळ्यांसमोर, तर कुणालाही जादा पाच माणसं कोंबून जादा कमवायचं कारणच उरत नाही. स्पर्धा संपली की गर्दीतला लोभ बराचसा संपतो. आणि हेच पारंपरिक मच्छीमार पर्ससीनविरुद्ध वर्षानुवर्षं रस्त्यावर आणि समुद्रात लढले. पर्ससीनचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६च्या आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबरपुरतं बांधलं गेलं, त्यामागे त्यांचा रेटा होता. मासा संपू नये म्हणून मासेमारीवर निर्बंध मागणारे लोक आहेत हे. पर्यावरणाच्या परिसंवादात यांना शिकवायला जाण्याआधी एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

खडक त्यांच्यासाठी देखावा नाही. गोबरा, तांबोशी, शेवंड या खडकाळ तळाशी वाढतात. लाटांच्या पट्ट्यातल्या कातळाला शिनाणे आणि कालवं धरतात. खडकाभोवतीचं पाणी बिघडलं की जाळं हलकं येतं. पर्यटकाला दुसरं बेट मिळेल, कंपनीला दुसरा जिल्हा. निवतीच्या माणसाला दुसरा समुद्र मिळणार नाही, म्हणून चावी त्याच्याकडे असावी असं माझं म्हणणं. त्याच्या चांगुलपणावर भिस्त ठेवून मी हे म्हणत नाही. त्याचा स्वार्थ बेटाच्या बाजूला बांधलेला आहे, एवढंच.

मर्यादा आली की दर वाढतील आणि बेट श्रीमंतांचं होईल, असंही म्हणतात. होऊ शकतं. कास पठारावर दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा आहे, आधी नोंदणी करावी लागते, आणि व्यवस्था आसपासच्या गावांच्या वन समित्या पाहतात. तिथे शुल्क सामान्य माणसाला परवडेल असंच राहिलं. म्हणजे मर्यादेमुळे महागाई आपसूक येत नाही. दर कोण ठरवतो त्यावर ते आहे. निवतीसाठी मी तर जिल्ह्यातल्या शाळांना आठवड्यातून एक दिवस राखून ठेवीन. वेंगुर्ल्यातल्या किती मुलांनी वेंगुर्ला रॉक्स जवळून पाहिलेत? मी शिकलो त्या शाळेच्या गच्चीवरून रात्री दीपगृहाचा झोत दिसायचा आणि आमची सहल मात्र म्हैसूरला जायची.

तपशिलात फार शिरत नाही, पण दोन गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही. विणीच्या महिन्यांत गुहांच्या तोंडापासून ठरावीक अंतरात इंजीन नको. वल्ही चालतील, पण थांबायचं बाहेरच, आणि आत टॉर्च मारणं तर नाहीच. दुसरी गोष्ट, सध्या या खडकांवर मालकी सांगणारे इतके आहेत की जबाबदार एकही नाही. दीपगृह केंद्राच्या खात्याचं, बोटीचा परवाना सागरी मंडळाचा, मासे मत्स्य खात्याचे, पक्षी वन खात्याचे, पर्यटक महामंडळाचे, सुरक्षा तटरक्षक दलाची. गेल्या वर्षी मी एका कार्यालयात फोन करून विचारलं, निवती रॉकला दिवसाला किती बोटी जातात? त्यांनी दुसऱ्या कार्यालयाचा नंबर दिला. दुसऱ्यांनी तिसऱ्याचा. तिसऱ्यांनी अतिशय नम्रपणे पहिल्याचा दिला. चिडलो नाही. त्यांच्यातला कुणी खोटं बोलत नव्हता. मोजणं हे कुणाच्याच टेबलावरचं काम नव्हतं.

मग मेमध्ये निवतीला गेलो. ज्या तांडेलांच्या होडीतून पहिल्यांदा त्या गुहा पाहिल्या, ते आता सत्तरीकडे झुकलेत. होडी मुलगा चालवतो, हे जेटीजवळच्या मांगरात जाळी शिवत बसतात. त्यांना तोच प्रश्न विचारला. त्यांनी उत्तर दिलं नाही. उठून आत गेले आणि शंभर पानी वही घेऊन आले, मुखपृष्ठावर नातवाचं नाव, तिसरी अ. पुढच्या बाजूने डिझेलचा आणि बर्फाचा हिशेब. मागच्या बाजूने वही उलटी धरून तारखा, प्रत्येकीपुढे पाचापाचाच्या उभ्या-आडव्या रेघा, आणि कुठे कुठे एखादा शब्द. 'पाखरां गप.' 'वारो.' 'गुहेत टॉर्च.' दोन मोसमांची पानं होती.

"हे कशाला लिहिता?" मी विचारलं.

"आपला लिवन ठेवतंय," ते म्हणाले. "कोणी इचारल्यान तर दाखवक होया."

"विचारलं कुणी?"

त्यांनी सुई दातात धरली, जाळ्याचा पुढचा डोळा अंगठ्यावर ओढला आणि मानेनेच माझ्याकडे खूण केली.